आंबा घाटात पिकअप झोपते – टर्बो खरंच गेला का?

हातखंबा_नाका · रविवार, रात्री ११:२०

मंडळी, थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

गाडी २०१७ची बीएस-४ पिकअप. अडीच लिटर, कॉमनरेल, टर्बो आणि त्याने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर. चाललीय १ लाख ८६ हजार. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी कोल्हापूरला नेतो, आठवड्यातून चार खेपा. बर्फासकट माल १४०० किलोच्या आसपास, म्हणजे पासिंगच्या आत. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी घरी उभी होती. बंदी उठली आणि पहिल्या खेपेपासून हे सुरू झालं. साखरप्याच्या पुढे चढ लागला की गाडी झोपते. पाय पूर्ण दाबला तरी २४०० आरपीएमपर्यंत काही नाही, आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी एकदम सुटते. तोवर वळण आलेलं असतं. पाय काढायचा, की परत पहिल्यापासून. जिथे तिसऱ्यावर निघत होतो तिथे आता दुसरा, दोन वळणांना तर पहिला टाकावा लागतो. मागे काळा धूर असा, की एसटीवाला डिपर मारून मारून थकतो. ॲव्हरेज १२ वरून साडेनऊवर आलंय. रिकामी गाडी सपाटीला मात्र बरी चालते, हातखंबा ते पाली काही कळतसुद्धा नाही.

मेस्त्रीने एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. फरक शून्य. आता म्हणतो टर्बो गेला. नवा ४२ हजार, नाहीतर आतली चक्की, म्हणजे फिरणारा भाग, बदलून १७ हजार, पण त्याची गॅरंटी नाही. सीझनच्या तोंडावर गाडी चार दिवस उभी ठेवणं परवडणारं नाही. काय करू?

कुडाळचो_झिल · रविवार, रात्री ११:४१

मेल्या, १४०० किलो बर्फासकट की बर्फ सोडून? 😄

मस्करी सोड. माझ्या गाडयेक पण असाच झाल्ला. मेस्त्रीन टर्बो बदललो, पैशे गेले, आणि घाटात गाडी परत तशीच. शेवटाक पाइप फुटलेलो गावलो. पयलो पाइप बघ, मगे टर्बो.

पाना_१०_११ · सोमवार, सकाळी ७:०५

भावा, थांब. टर्बोला हात लावू नकोस.

बावीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे केलेत, उद्यमनगरात. टर्बो गेला म्हणून आलेल्या गाड्यांत खरा टर्बो गेलेल्या फार थोड्या. बाकी सगळा हवेच्या रस्त्यातला घोळ. टर्बो खरंच गेला की तो गप्प बसत नाही. निळा धूर येतो, ऑइल कमी होतं, सायरनसारखा बारीक आवाज चढत जातो. तुझा धूर काळा आहे. काळा म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. म्हणून डिझेल फिल्टर बदलून काही झालं नाही, ते होणारच नव्हतं.

मला चार गोष्टी सांग.

ऑइल किती कमी होतंय? पाय दाबल्यावर फुस्स किंवा शिट्टी असा काही आवाज येतो का? ब्रेकचं पेडल पूर्वीपेक्षा जड लागतं का? ब्रेक कशाला विचारतोय ते नंतर सांगतो. आणि चौथं, टर्बोच्या बाजूला एक चपटा डबा असतो, त्यातून एक दांडी बाहेर आलेली असते. कुणाला तरी सेल मारायला सांग आणि तू दांडीवर नजर ठेव. इंजिन सुरू होताना ती हलते का, आणि बंद करताना परत जागेवर जाते का?

दोन महिने गाडी उभी होती म्हणालास. मासळीची गाडी, पावसाचे दिवस, घराच्या पडवीत. मला आत्ताच एक संशय आलाय, पण आधी उत्तरं दे.

मॅटाडोरवाले_आजोबा · सोमवार, सकाळी ९:३०

आमच्या मॅटाडोरला टर्बोही नव्हता आणि त्याची काळजीही नव्हती. घाट लागला की पहिला टाकायचा, क्लीनरने दगड घेऊन मागे चालायचं. गाडी बंद पडली की चाकाखाली दगड. कुंभार्ली चढायला एक विडी आणि अर्धी लागायची. आता तुम्ही लोक तिसऱ्यावर चढत नाही म्हणून रडता.

पण एक विचारतो. टर्बो उशिरा येणं हा तर टर्बोचा स्वभावच ना? मग यात बिघाड कुठला आणि स्वभाव कुठला, हे कसं ओळखायचं?

चाकण_टेस्टबेड · सोमवार, दुपारी १:१५

आजोबा, नेमका प्रश्न विचारलात. जेवणाच्या सुट्टीत आहे, घाईत लिहितो.

टर्बो फिरतो इंजिनाच्या जळालेल्या धुरावर. त्या धुरात जोर आला की एका बाजूचं चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. हे चाक मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतं. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासूनची अडचण एकच आहे. हळू फिरणाऱ्या इंजिनाचा धूर दुबळा असतो. म्हणून खालच्या आरपीएमला दाब तयारच होत नाही. हा झाला टर्बोचा उंबरठा. उंबरठा ओलांडल्यावर पाय दाबला तरी ते चाक वेग घेईपर्यंत क्षणभर जातो. तो क्षण म्हणजे लॅग. चांगल्या गाडीत तो एक सेकंद, फार तर दीड. सवयीने तुमचा पाय तेवढं आधीच दाबायला शिकलेला असतो.

हातखंब्यांच्या गाडीचा उंबरठाच वर गेलाय. त्यांना पूर्वी १६००-१७००ला मिळत असणार ते आता २४००ला मिळतंय. स्वभाव असा दोन महिन्यांत बदलत नाही.

आता दांडीचं. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोच्या आत धुराच्या वाटेवर बारीक पाती असतात. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की तेच पाणी जोरात उडतं ना, तसं. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, दुबळा धूरही चाकावर जोरात आदळतो. आरपीएम वाढला की पाती उघडतात. ही पाती हलवते पानावाल्यांनी सांगितलेली दांडी, आणि दांडीला ओढतो व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने हवा खेचून तयार केलेली ओढ. व्हॅक्यूम मेला की पाती उघडी राहतात. मग खाली काही नाही, वर सगळं. लाथ घातल्यासारखी सुटते, हे वाक्य वाचलं तेव्हाच मला पाती दिसली.

जुन्या पद्धतीच्या टर्बोत पाती नसतात, नुसता वेस्टगेट असतो, म्हणजे जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप. तिथली दांडी बहुधा टर्बोच्याच दाबावर हलते, सेल मारताना हलणार नाही. म्हणून दांडी हलली नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी टर्बो कुठला ते बघा, डब्याला जाणारा बारीक पाइप कुठून येतो ते हाताने माग काढत जा.

हातखंबा_नाका · सोमवार, रात्री १०:५०

उत्तरं देतो.

ऑइल कमी होत नाही. डिपस्टिक दर खेपेला बघतो. आवाजाकडे लक्ष दिलं नव्हतं, बर्फाच्या पाण्याचा आणि ताडपत्रीचाच आवाज इतका असतो. ब्रेक जड लागतात, हो! मला वाटलं पावसाने असेल.

आणि दांडी. पुतण्याला सेलवर बसवला, मी टॉर्च घेऊन वाकलो. इंजिन सुरू झालं तर दांडी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी सरकली आणि परत गेली. मग टेस्टबेड म्हणाले तसा बारीक पाइपचा माग काढला. टर्बोवरून वर, इंजिनाच्या मागून, बॅटरीच्या बाजूला. तिथे सुतळी, कागदाचा चोथा आणि पेंढा यांचं मस्त घरटं, आणि पाइपवर दातांच्या खुणा. एका ठिकाणी तर निम्मा पाइप गायब.

बंदीच्या दोन महिन्यांत माझ्या आधी उंदराने गाडी चालवली म्हणायची. सध्या काळी टेप गुंडाळली आहे. उद्या खेप आहे.

कुडाळचो_झिल · सोमवार, रात्री १०:५८

४२ हजारांचो उंदीर! 😂😂

पाना_१०_११ · मंगळवार, सकाळी ६:४०

हाच संशय होता. पेडल हलकं करणारा ब्रेकचा बूस्टर आणि ही दांडी, दोघांचं पोट एकाच व्हॅक्यूम पंपावर. एका जागी गळती झाली की दुसऱ्याचा घास कमी होतो. म्हणून ब्रेकचं विचारलं. आणि लेका, ब्रेक जड लागत असताना तू आंबा घाट उतरून घरी येत होतास. टर्बो नंतर, हे आधी बघायचं असतं.

टेप काढ. टेप व्हॅक्यूममध्ये टिकत नाही, इंजिनाच्या उष्णतेने डिंक पातळ होतो आणि हवा कडेने आत शिरते. पूर्ण पाइप बदल. दुकानात व्हॅक्यूमची होज म्हणूनच माग. जाड भिंतीची, आतून बारीक. साधी मऊ नळी घेऊ नकोस, गरम झाली की ओढीने आतल्या आत चिकटते आणि मग महिनाभर दोष शोधत बसशील.

पाइप काढलास की अजून एक काम कर. मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आण, सुई नको. ती डब्याच्या तोंडाला बारीक नळीने जोड आणि दट्ट्या ओढ. दांडी सरळ, न अडकता सरकली पाहिजे आणि दट्ट्या ओढून धरलास तोवर तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत जात असेल तर डब्यातला पडदा फाटलाय. खरखरत, अडखळत चालत असेल तर पात्यांत काजळी भरली. दोन्ही नसेल तर तिथलं काम संपलं.

टोमॅटोशेठ_नारायणगाव · मंगळवार, दुपारी १२:१०

माझीपण हीच अडचण! पण गाडी बीएस-६. नारायणगाव मार्केट ते शेत, शेत ते मार्केट, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. मध्येच दिवा लागतो आणि गाडी ओढायचीच बंद. आमच्याकडे एक जण म्हणतो ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात फिरवतो तो) पत्रा मारू, सायलेन्सरमधला फिल्टर फोडून काढू आणि कॉम्प्युटर पुन्हा लिहू. मग गाडी पळेल म्हणतो. करू का?

चाकण_टेस्टबेड · मंगळवार, दुपारी १:२०

करू नका. शेठ, तुमचा आजार वेगळा आहे.

१ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला आतली उष्णता साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावी लागते. तुमची गाडी तापण्याआधीच थांबते, मग जळणार कधी? फिल्टर तुंबतो, धुराला वाट मिळत नाही, टर्बो फिरत नाही. आठवड्यातून एकदा आळेफाट्यावरून माळशेजच्या दिशेने तास-दीड तास सलग चालवा, आरपीएम २०००च्या वर ठेवून. साफसफाईचा दिवा लागलेला असेल तर मध्येच चावी बंद करू नका. दर वेळी ती अर्धवट राहिली तर जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, लगेच बदला.

फिल्टर फोडणं ही बनावटीत केलेली फेरफार आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यावरच आहे. कायदा बाजूला ठेवा, तुमचं गिऱ्हाईक त्याच धुरात टोमॅटो निवडत असतं.

टोमॅटोशेठ_नारायणगाव · मंगळवार, दुपारी १:३२

डिपस्टिक बघून आलो. ऑइल वाढलंय. 😐

धागासांभाळ · मंगळवार, दुपारी २:००

टोमॅटोशेठ, बीएस-६च्या फिल्टरसाठी वेगळा धागा काढा, तिथे सगळे येतील. इथे पिकअप आंबा घाटात चढू द्या.

हातखंबा_नाका · गुरुवार, रात्री १२:३५

पाइप पूर्ण बदलला. मीटरभर लागला, १८० रुपये. सिरिंज ४० रुपये. मेडिकलवाल्याने विचारलं कुणाला काय झालं, मी म्हटलं गाडीला. तो हसला नाही. दांडी झकास सरकते, थांबतेही. ब्रेक पूर्वीसारखे मऊ झाले. रिकामी गाडी १७००ला उचल घेते, मजा आली. बुधवारी भरून निघालो, आणि...

साखरप्यापर्यंत राजा. चढ लागला, तिसऱ्यावर १९०० आरपीएम, टर्बोची उचल आली आणि दोन सेकंदांत गेली. परत काळा धूर. या वेळी कान लावून होतो, पाऊस थांबला होता, खिडकी उघडी. पाय पूर्ण दाबला की बॉनेटच्या खालून फुस्सऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी यायच्या आधी येतो ना तसा. पाय काढला की बंद.

पूर्वीपेक्षा खूप बरं आहे, पण पूर्ण नाही. मेस्त्री म्हणतो, बघ मी म्हटलं होतं टर्बो.

पाना_१०_११ · गुरुवार, सकाळी ६:५०

मेस्त्रीला चहा पाज आणि टर्बोपासून दूर ठेव. फुस्स म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेतच पळते आहे. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन, या दोन रबरी होज आणि चार क्लॅम्प. मिरकरवाड्याच्या खाऱ्या हवेत क्लॅम्प गंजून पोकळ होतात, वरून आख्खे दिसतात.

मोबाईलला लागणारं स्कॅनर आहे का कुणाकडे?

हातखंबा_नाका · शुक्रवार, रात्री ११:५५

आहे, मित्राचं घेतलं. पुतण्याला शेजारी बसवून इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचे आकडे लिहून घेतले. कोड एकच, पी०२९९.

चावी फिरवली, इंजिन बंद, रत्नागिरीत: १००
सपाटीला तिसरा, पाय अर्धा: १३०
घाटात तिसरा, पाय पूर्ण, १९००: १७०पर्यंत चढला, मग १४०वर घसरला
आंबा माथ्यावर चहाला थांबलो, इंजिन बंद: ९४

शेवटचा आकडा बघून घाबरलो. सेन्सरपण गेला का?

चाकण_टेस्टबेड · शनिवार, सकाळी १०:१०

सेन्सर उत्तम आहे, उलट त्याने तुमचा घाट मोजून दाखवला. हा आकडा किलोपास्कलमध्ये आहे आणि त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला आहे. समुद्राकाठी तो १००च्या आसपास, आणि दर शंभर मीटर चढलं की साधारण एकेकाने कमी. कोल्हापुरातही इंजिन बंद असताना ९५च्या आसपास दिसेल. रत्नागिरीत ८५ दिसला असता तर सेन्सरवर संशय घेतला असता.

म्हणजे टर्बोची कमाई काढायची तर दाखवलेल्या आकड्यातून बाहेरचा दाब वजा करायचा. तुमची घाटातली कमाई १७०च्या वेळी जेमतेम ७५, आणि मग ४५. अशा इंजिनाला भाराखाली १००च्या वर हवी. पी०२९९चा अर्थ तोच, मागितला तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही हे कोड सांगत नाही. कोड वाचून थेट टर्बो बदलणं म्हणजे थर्मामीटर बघून ऑपरेशन करणं.

पण आकडा आधी चढतो आणि मग घसरतो, हे मोलाचं आहे. टर्बो दमलेला असता तर चढलाच नसता. इथे टर्बो दाब करतो, आणि त्या दाबानेच कुठेतरी तोंड उघडतं. गाडी उभी असताना ते तोंड मिटलेलं असणार, म्हणून मेस्त्रीला दिसलं नाही. काळ्या धुराचंही उत्तर यातच आहे. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसतो. तो म्हणतो एवढी हवा आत आली, कॉम्प्युटर त्या हिशोबाने डिझेल देतो, आणि वाटेत हवा पळते. डिझेल मात्र पूर्ण पोचतं.

पाना_१०_११ · शनिवार, दुपारी ३:२५

बरोब्बर. आता हे तोंड उभ्या गाडीत उघडायचं. गॅरेज नको, पंक्चरवाल्याकडे जा.

नळाच्या सामानाच्या दुकानातून दोन इंची पाइपचं बूच घे. त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव. इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा पाइप काढ आणि हे बूच टर्बोच्या तोंडाशी असलेल्या रबरात घालून क्लॅम्प आवळ. मग पंक्चरवाल्याची हवा भर. मीटरवर १५ पीएसआय, त्यापुढे एक काटा नाही. १५ म्हणजे सुमारे एक बार, घाटात तुझा टर्बो एवढाच दाब करतो. आणि बुचाच्या समोर उभा राहू नकोस. सुटलं तर कपाळात बसेल, मी बसलेलं बघितलंय.

मग साबणाचं पाणी. डिपस्टिकजवळ सूं आवाज आला तर घाबरू नको, थोडी हवा इंजिनातून तिकडे निघतेच. बाकी कुठेही फेस आला तर तुझा चोर तोच.

हातखंबा_नाका · रविवार, रात्री ९:१५

सापडला!!

हातखंब्याच्या नाक्यावरचा आमचा पंक्चरवाला आधी ऐकेना. "इंजिनात हवा भरू? उडालं तर?" म्हणे. पंधरालाच थांबायचं म्हटल्यावर त्याला पटलं, कारण तो साठच्या खाली कधी थांबत नाही आणि पंधराला काही उडत नाही यावर त्याचा विश्वास आहे. आठच्या पुढे फुस्स सुरू झालं. तोच आवाज! घाटातला! छपराखाली सहा माणसं गोळा झाली, तिघांनी तीन वेगवेगळी ठिकाणं दाखवली. वरून सगळ्या होजना साबण लावला, फेस कुठेच नाही. शेवटी मी गोणपाट टाकून खाली शिरलो आणि इंटरकूलरच्या तोंडाशी असलेल्या होजच्या पोटाला ब्रश मारला. फेसाचा गोळाच उसळला, तोंडावर.

होज वरून नव्यासारखी. खालून, जिथे ती पत्र्याच्या एका कानाला घासते, तिथे बोटभर लांबीची चीर. हवा सोडली की ओठ मिटल्यासारखी मिटते, नखानेसुद्धा लागत नाही. पुतण्याने तीनदा हवा भरून घेतली, फक्त ती उघडताना बघायला.

नवी होज १३५० रुपये, क्लॅम्प दोन नवे, बोल्टवाले रुंद. पंक्चरवाल्याने पैसे घेतले नाहीत, बांगडे घेतले.

होज उघडलीच होती म्हणून मेस्त्रीला बोलावून टर्बोचा दांडाही हाताने बघितला. वर-खाली किंचित हलतो, आत-बाहेर अजिबात नाही. चाकाची पाती कुठे घासलेली नाहीत. पाइपात ऑइलचा पातळ थर आहे. त्याचं काही करायचं का?

पाना_१०_११ · रविवार, रात्री ९:४०

वर-खाली किंचित हलणारच, चालू असताना ती फट ऑइल भरून काढतं. आत-बाहेर हललं असतं तर मेस्त्री जिंकला असता. पातळ थर इंजिनाच्या श्वासाचा, चालतो. पाइप वाकवल्यावर ऑइल ओघळून पडलं तर कळव. होजचा आतला भाग मात्र फडक्याने पुसून बसव, ऑइलवर रबर घसरतं आणि पहिल्याच घाटात निसटतं.

आणि तो पत्र्याचा कान? वाकवलास का? नाहीतर सहा महिन्यांनी हाच धागा वर काढशील.

हातखंबा_नाका · रविवार, रात्री ९:४४

वाकवला. वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

हातखंबा_नाका · बुधवार, पहाटे ४:१०

कोल्हापुरातून लिहितोय, माल उतरतोय. १४०० किलो (बर्फासकट, झिला). साखरप्यापासून माथ्यापर्यंत तिसरा, फक्त दोन वळणांना दुसरा. १७००ला उचल. आकडा २१५पर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आरशात धूर शोधत होतो, मागे एसटी होती, डिपर नाही. ॲव्हरेज पुढच्या टाकीला सांगतो.

हिशोब: व्हॅक्यूम पाइप १८०, सिरिंज ४०, बूच आणि व्हॉल्व्ह ९०, होज १३५०, क्लॅम्प २४०. एकूण १९०० रुपये आणि दोन किलो बांगडे. फिल्टरचे पैसे धरत नाही, ते तसेही बदलायचेच होते.

मेस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "मी पण तेच बघणार होतो." मी काही बोललो नाही, उद्या क्लचचं काम त्याच्याकडेच आहे.

मॅटाडोरवाले_आजोबा · बुधवार, सकाळी ८:२०

अभिनंदन. आता माथ्यावर चहाला थांबता तिथे चावी लगेच बंद करू नका. चढ चढून टर्बो लाल झालेला असतो, इंजिन बंद केलंत की ऑइल थांबतं आणि आत जळून बसतं. एक-दोन मिनिटं तशीच चालू ठेवा. चहावाल्याला ऑर्डर देऊन परत येईपर्यंत होतं. हे मला मुलाच्या गाडीचा टर्बो गेल्यावर कळलं, तो मात्र खरंच गेला होता.

आणि श्रावणात कोल्हापूरकर बांगडे खातात?

हातखंबा_नाका · बुधवार, दुपारी २:३०

आजोबा, श्रावण पाळणारे वेगळे आणि माझं गिऱ्हाईक वेगळं.

कुडाळचो_झिल · बुधवार, दुपारी २:४१

उंदराचा काय झाला?

हातखंबा_नाका · गुरुवार, सकाळी ७:००

घरटं काढून टाकलं, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, नव्या पाइपवर पत्र्याची नळी चढवली. आज सकाळी बॉनेट उघडलं तर बॅटरीवर बांगड्याचं डोकं, नीट साफ करून ठेवलेलं.